मुंबईहून अलिबाग किती दूर ?

मुंबईहून अलिबाग किती दूर, असा साधा प्रश्न चार माणसांना विचारला, तर चार निरनिराळीं उत्तरें मिळतात आणि तीं चारहि खरीं असतात. नकाशावर पट्टी ठेवणारा विद्यार्थी ३१-३२ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ २० मैल, असें सांगेल. पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घेऊन मोटारीनें जाणारा गृहस्थ शंभर किलोमीटरांच्या आसपासचा आंकडा देईल. गेटवेवरून लाँचनें मांडव्यास उतरणारा नेहमींचा प्रवासी म्हणेल, "तासभर पाणी आणि पाऊण तास रस्ता". त्याच्या उत्तरांत मैलांचें नांवहि येणार नाहीं. चौथा असेल थळ-वरसोलीकडचा एखादा वृद्ध कोळी. तो उत्तर देण्यापूर्वीं उलट प्रश्न करील, "जायचंय केव्हां?"

विमानाच्या युगांत दोन शहरांमधील अंतर विचारण्याची एक नवी रीत रूढ झाली आहे. हवाई अंतर किती आणि उड्डाणाला वेळ किती, हे दोन आंकडे मिळाले कीं चौकशी पुरी झाली, असें सुशिक्षित मनुष्यास वाटूं लागलें आहे. हे आंकडे खोटे नसतात. परंतु ते कोणाचे, याचा विचार फारसा होत नाहीं. सरळ रेषेचें अंतर पक्ष्याच्या मालकीचें आहे. मनुष्याचें अंतर वारा, भरती, रस्ता, वेळापत्रक आणि खिसा हीं पांच मिळून ठरवितात. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजेच १९८१ पासून ज्याला रायगड जिल्हा म्हणतात त्याच्या, किनाऱ्याइतकें हें सत्य दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसेल. कारण तेथें महानगर डोळ्यांना दिसण्याइतकें जवळ आहे आणि तरीहि शतकानुशतकें तें दूर राहिलें आहे.

प्रथम सरळ अंतराचा विचार करावा. तें काढण्याची रीत घरबसल्या करून पाहण्याजोगी आहे. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत ९० अंश आणि प्रत्येक अंशाच्या ६० कला, हें शाळेंत सर्वांनीं शिकलेलें असतें. अक्षांशाच्या एका कलेएवढें भूपृष्ठावरील अंतर म्हणजे एक सागरी मैल. तो १,८५२ मीटरांचा धरतात. मुंबईचा गेटवे सुमारें १८ अंश ५५ कला उत्तर अक्षांशावर आहे आणि अलिबाग सुमारें १८ अंश ३८ कलांवर. वजाबाकी १७ कला, म्हणून अंतर १७ सागरी मैल, अथवा सुमारें साडेएकतीस किलोमीटर. दोहोंच्या रेखांशांतील फरक दोन-तीन कलांचाच असल्यामुळें तिरकेपणानें त्यांत विशेष भर पडत नाहीं. अंतर मोठें असेल तेव्हां मात्र पृथ्वीचा गोलपणा विसरून चालत नाहीं. मुंबईहून लंडनला जाणारा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर वांकडा दिसतो; पण घरांतील पृथ्वीच्या गोलावर त्या दोन ठिकाणांमध्यें दोरा ताणून धरला, तर तो वांकडा वाटणारा मार्गच सरळ असल्याचें मुलांच्याहि ध्यानांत येतें. हवाई अंतर म्हणतात तें या ताणलेल्या दोऱ्याचें माप होय.

आतां या अंतराला विमानाच्या वेगानें भागून पाहावें. प्रवासी विमान उंचावर ताशीं ८०० किलोमीटर सहज तोडतें. त्या हिशेबानें मुंबई-अलिबाग प्रवास अडीच मिनिटांच्या आंत संपला पाहिजे. गणित निर्दोष आहे. परंतु असा प्रवास कोणीहि केलेला नाहीं व कोणी करणारहि नाहीं. विमानाला धांवपट्टीच्या टोकापर्यंत जावें लागतें, आपली पाळी येईपर्यंत थांबावें लागतें, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडावें लागतें, आणि पूर्ण वेग व उंची गांठण्यांतच त्याचा बराच मार्ग सरतो. उतरतांना हाच क्रम उलटा चालतो. एवढ्या थोड्या अंतरांत तें धड वर चढणारहि नाहीं.

गोव्याचें उदाहरण घेतलें म्हणजे हें अधिक उघड होतें. मुंबईचा विमानतळ आणि दाबोळीचा विमानतळ यांमधील सरळ अंतर सुमारें ४२५ किलोमीटर आहे. नुसत्या वेगानें भागल्यास अर्धा तास पुरावा. वेळापत्रकांत मात्र सव्वा तासाच्या आसपासचा अवधि दिलेला असतो. त्यांत घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता, तपासणीच्या रांगा, सामानाची वाट आणि पुढील मोटारीचा प्रवास मिळविला, कीं चार-पांच तास सहज होतात. शिवाय २०२३ सालापासून उत्तर गोव्यांत मोपा येथें दुसरा विमानतळ सुरू झाला आहे. तो मुंबईला चाळीसएक किलोमीटरांनीं अधिक जवळ आहे. परंतु ज्याला मडगांवास जावयाचें आहे त्याला दाबोळीच सोयीची, आणि पेडण्यास जाणाऱ्याला मोपा. म्हणजे "गोवा किती दूर" या प्रश्नाचें उत्तर, गोव्यांत कोणाच्या दारीं जावयाचें आहे, हें कळल्यावांचून देतां येत नाहीं.

प्रवासाचा वेळ हा त्यांतील सर्वांत वेगवान वाहनावर अवलंबून नसतो. सर्वांत मंद दुव्यावर अवलंबून असतो. भारताच्या विमानवाहतुकीच्या जन्माचीच कथा याला साक्ष आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा एका लहानशा विमानांतून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादेवरून दुपारीं मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. आगगाडीच्या तुलनेनें हा वेग त्या काळीं अद्भुत वाटला. पण अहमदाबादेस त्यांच्या विमानासाठीं इंधनाचे डबे आले ते बैलगाडींतून, असें सांगतात. पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलानें निकामी होई, म्हणून ही टपालसेवा त्या महिन्यांत पुण्याकडे वळवावी लागे. आकाशांत शंभर मैलांचा वेग घेणारें यंत्र जमिनीवर आल्याबरोबर बैल आणि चिखल यांच्या स्वाधीन होत असे. अलिबागच्या प्रवाशाची स्थिति आजहि कित्येक बाबतींत याहून निराळी नाहीं.

जुन्या काळीं कोंकणच्या किनाऱ्यावर अंतर वेळानेंच सांगत, आणि वेळ ठरे चंद्र व वारा यांवर. अलिबागच्या समोरील कुलाबा किल्ला हें त्याचें बोलकें उदाहरण आहे. ओहोटीच्या वेळीं किल्ल्यापर्यंत पायीं जातां येतें; भरती आली कीं तेथेंच होडी लागते. किल्ला जागचा हालत नाहीं, अंतरांत तसूभर फरक पडत नाहीं, तरीहि सहा तासांपूर्वीं जो मार्ग होता तो नाहींसा झालेला असतो. भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा आडाखा किनाऱ्यावरील घरोघरीं ठाऊक असे. तिथीचा आंकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी. येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. पौर्णिमा व अमावास्या या दिवशीं सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. चंद्राच्या गतीमुळें भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येते, आणि पंधरा तिथींत घड्याळाचें एक आवर्तन पुरें होतें. एवढें शास्त्र त्या पाऊणपटींत साठविलेलें आहे. जिच्या घरचीं माणसें दर्यावर जात, त्या गृहिणीला पंचांग धर्मकृत्यांइतकेंच चूल केव्हां पेटवावी यासाठींहि लागे.

वाऱ्याचेंहि असेंच. रात्रीं जमिनीकडून समुद्राकडे सुटणारा मतलई वारा आणि दिवसां समुद्राकडून येणारा खारा वारा, यांच्या आधारानें मचवे आणि गलबतें ये-जा करीत. मतलई वाऱ्यावर पहांटे सुटलेलें गलबत ज्या अंतराला दोन प्रहर घेई, त्याच अंतराला पडलेल्या वाऱ्यांत दिवसचा दिवस लागे. ज्येष्ठापासून श्रावणाच्या पौर्णिमेपर्यंत तर दर्या बंदच. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिल्यावर मुंबई पुन्हां जवळ येत असे.

अंतर आणि वेळ यांमधील हा फरक ज्यानें ओळखला त्याचें पारडें इतिहासांतहि जड ठरलें आहे. १६७९ सालीं शिवाजी महाराजांनीं थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर तटबंदीचें काम सुरू करविलें. मुंबईच्या इंग्रजांना हें बेट आपल्या बंदराच्या तोंडाशीं आहे याची जाणीव होती. त्यांनीं आपलीं लढाऊ जहाजें पाठवून बेटाची कोंडी करण्याचा यत्न केला. मोठ्या शिडांचीं आणि अवजड तोफांचीं तीं जहाजें वारा पडला कीं जागच्या जागीं खिळून राहात. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांच्या जोरावर, बहुधा रात्रीं, थळहून बेटापर्यंत दाणागोटा आणि बांधकामाचें सामान पोंचवीत. इंग्रजांच्या नकाशावर बेट मुंबईस जवळ होतें. घड्याळावर तें थळला जवळ होतें. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं माघार घेतली. त्या खांदेरीची गणना २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांमध्यें झालेली आहे. किल्ल्याची ही कीर्ति योग्यच आहे. परंतु त्या होड्यांच्या तांडेलांचें ओहोटी-भरतीचें ज्ञान हाहि त्या तटाचा एक चिराच होता.

अलिबागचें मुंबईपासूनचें अंतर शास्त्रज्ञांनाहि एकदां बारकाईनें मोजावें लागलें आहे. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्यें स्थापन झाली, आणि तेथें १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें नोंदलीं जात होतीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरूं लागलें. विजेच्या प्रवाहानें चुंबकसूच्या विचलित होतील हें उघड होतें. तेव्हां वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं नव्या जागेचा शोध झाला. जागा इतकी दूर हवी होती कीं ट्रामचा उपद्रव तेथें पोंचूं नये, आणि इतकी जवळ हवी होती कीं साठ वर्षांच्या जुन्या नोंदींशीं नव्या नोंदी जुळवितां याव्यात. अलिबाग या दोन्ही कसोट्यांस उतरलें. तेथें लोखंडाचा स्पर्श होऊं न देतां इमारत उभारली गेली, १९०४ पासून निरीक्षणें सुरू झालीं, आणि कांहीं काळ कुलाबा व अलिबाग अशा दोन्ही ठिकाणीं बरोबरच नोंदी घेऊन त्यांचा मेळ घालण्यांत आला. विजेची ट्राम मुंबईंत धांवूं लागली ती १९०७ सालीं. अलिबागची ही वेधशाळा आजहि काम करीत आहे. जवळही आणि दूरही असण्याचा जो गुण अलिबागकराला प्रवासांत जाचतो, तोच येथें शास्त्राच्या उपयोगीं पडला.

वाफेच्या शक्तीनें वाऱ्याची मिजास मोडली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवस, धरमतर आणि दक्षिणेकडील बंदरांस आगबोटी जाऊं लागल्या, तसे गिरण्यांत काम करणारे चाकरमानी सणावारीं घरीं येऊं लागले, आणि भाजी, मासे, पेंढा, मीठ मुंबईच्या बाजारीं नेमानें पोंचूं लागलें. प्रवासाला तास ठरले. वेळापत्रक छापतां येऊं लागलें. परंतु छापील वेळापत्रकाचा एक धोका असतो. तें वाचणारा हळूहळू असें मानूं लागतो कीं समुद्रानेंहि तें वाचलेलें आहे.

१७ जुलै १९४७ या दिवसाची आठवण रेवस, अलिबाग, पेण या टापूंत अजून पुसलेली नाहीं. स्वातंत्र्याला महिनाहि उरला नव्हता. 'रामदास' नांवाची आगबोट सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. उतारू खच्चून भरलेले होते. प्रवास थोडक्या वेळाचा, रोजच्या वहिवाटीचा. वाटेंत पावसाळी वाऱ्यानें समुद्र खवळला. काशाच्या खडकाच्या आसपास लाटेचा तडाखा बसून बोट एका बाजूस झुकली, भयभीत उतारू एकाच कडेला लोटले, आणि पाहतां पाहतां ती कलंडली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी संदेश पाठविण्याचें साधन नव्हतें. मुंबई अगदीं हांकेवर असूनहि तिला ही वार्ता कळावयास कित्येक तास लागले. मासे घेऊन निघालेल्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांत जितक्यांना ओढून घेतां आलें तितक्यांना घेतलें. तेवढेच वांचले, आणि कांहीं जण पोहत किनाऱ्याला लागले.

या अपघाताचा विचार करतांना वादळाकडे बोट दाखवून थांबणें सोपें आहे. पण जुलै महिन्यांतील वादळ हें कोणाला अनपेक्षित होतें? त्याच समुद्रावर, त्याच महिन्यांत, कोळ्यांचीं मोठीं गलबतें किनाऱ्यावर ओढून झांपांखालीं झांकलेलीं असत. दूरच्या प्रवासाला निघणारा मनुष्य तयारी करतो, मुहूर्त पाहतो, निरोप घेतो. जवळच्या प्रवासाला निघणारा यांपैकीं कांहींच करीत नाहीं. अंतर थोडें, म्हणून धोकाहि थोडा, अशी मनाची समजूत होते. आणि समुद्राचा धोका मैलांवर ठरत नाहीं. बिनतारी यंत्र, पुरेसे तरफे, उतारूंच्या संख्येवर बंधन, या गोष्टी सातासमुद्रांपलीकडे जाणाऱ्या जहाजाला आवश्यक वाटतात. तासाभराच्या बोटीला त्या चैनीच्या वाटल्या. सहाशें कुटुंबांनीं त्याची किंमत दिली.

त्यानंतरच्या पाऊणशें वर्षांत साधनें पुष्कळ वाढलीं. गेटवे ते मांडवा हा लाँचचा मार्ग लोकप्रिय झाला. समुद्रांतील तो टप्पा सरळ रेषेनें चौदाएक किलोमीटरांचा आहे, आणि लाँचला तासाभराच्या आंतबाहेर लागतो. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी पोटांत घेऊन जाणारें रो-रो जहाज सुरू झालें. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून समुद्र ओलांडून रायगड जिल्ह्यांत उतरणारा अटल सेतु खुला झाला. त्याची लांबी सुमारें २१.८ किलोमीटर असून त्यांतील साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत. पूर्वीं ठाण्याच्या खाडीला वळसा घालणारा मनुष्य आतां वीस-पंचवीस मिनिटांत उरणच्या बाजूस उतरतो. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं पनवेल तालुक्यांत उलव्याजवळ नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानें उडूं लागलीं. त्यासाठीं दहा गांवें उठवावीं लागलीं, एक टेकडी सपाट करावी लागली आणि उलवे नदीचा ओघ वळवावा लागला. कोंकण रेल्वेनें १९९८ मध्यें रोहा ते मंगळूर हा किनारा जोडला, तिचेंहि उत्तरेकडील टोंक याच जिल्ह्यांत आहे.

म्हणजे ज्या जिल्ह्यांत एकेकाळीं वारा पडला कीं मनुष्य अडून राही, त्या जिल्ह्यांत आतां विमान आहे, आगगाडी आहे आणि समुद्रावरचा पूलहि आहे. तरी अलिबागच्या मनुष्याच्या दृष्टीनें यांतील एकहि साधन अलिबागच्या दारांत येत नाहीं. सेतूवरून उतरल्यावर पेण आणि वडखळ चुकत नाहींत. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचें काम या टापूंत २०११ सालीं सुरू झालें व वर्षानुवर्षें रेंगाळलें. सुटीच्या दिवशीं वडखळच्या नाक्यावर अर्धा-पाऊण तास उभ्या राहिलेल्या मोटारीला सेतूवर वांचविलेलीं मिनिटें परत करावीं लागतात. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आलेले आहेत. पण त्यांवरून खत जातें, प्रवासी जात नाहींत. रेवस आणि करंजा हीं गांवें धरमतरच्या खाडीच्या दोन तीरांवर समोरासमोर आहेत. तर पंधराएक मिनिटांत पलीकडे नेते, आणि ती बंद असली कीं पेणचा लांबलचक फेरा घालावा लागतो. त्या दोन तीरांना जोडणाऱ्या पुलाची चर्चा कित्येक दशकें होत आलेली आहे.

पावसाळा आला कीं या साऱ्या हिशेबांची खरी परीक्षा होते. मांडव्याच्या प्रवासी लाँचा साधारणपणें जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. रो-रो जहाज मोठें असल्यामुळें पावसाळ्यांतहि चालूं शकतें, परंतु समुद्र फारच खवळल्यास त्याच्याहि फेऱ्या रद्द होतात. आणि रात्रीं तर जलमार्गच नसतो. अशा आषाढांतल्या एका रात्रीं अलिबागच्या एखाद्या घरीं वृद्ध माणसाच्या छातींत कळ यावी आणि डॉक्टरांनीं मुंबईस हलविण्याचा सल्ला द्यावा, असें घडलें म्हणजे त्या घराला मुंबईचें अंतर कळतें. किनाऱ्यावर उभें राहिलें तर पाण्यापलीकडे महानगराच्या दिव्यांची प्रभा दिसते. त्या दिव्यांपर्यंतचें हवाई अंतर तेंच असतें, १७ सागरी मैल. परंतु रुग्णाला घेऊन निघालेली गाडी त्या दिव्यांकडे पाठ फिरवून पूर्वेस वडखळकडे, मग उत्तरेस पेणकडे धांवत असते. आणि तिच्या मार्गावर पाणी सांचलें आहे कीं नाहीं, यावर मुंबई त्या रात्रीं किती दूर, हें ठरतें.

अंतर कमी झालें असें म्हणतांना तें कोणासाठीं कमी झालें, हाहि प्रश्न विचारला पाहिजे. शनिवारीं सकाळीं निघून दुपारच्या जेवणास किहीम-आवासच्या बंगल्यांत पोंचणाऱ्या मुंबईकराला अलिबाग खरोखरच जवळ आलेलें आहे. तेथील जमिनींच्या किंमती हें स्वच्छ सांगतात. सेतूवरून मोटारीच्या एका खेपेला २०२४ सालीं २५० रुपये पथकर ठरला. तो त्याला जड नाहीं. परंतु मासळीची पाटी घेऊन मुंबईच्या बाजाराला जाणारी कोळीण, परीक्षेसाठीं मुंबईस जाणारा विद्यार्थी, न्यायालयाच्या किंवा इस्पितळाच्या फेऱ्या मारणारा शेतकरी, यांच्या प्रवासाचा हिशेब पथकराच्या नाक्यावर होत नाहीं. तो एस. टी. च्या शेवटच्या गाडीवर आणि लाँचच्या तिकिटावर होतो. मुंबईकर अलिबागला येतो तो बहुतेक आपल्या मर्जीनें व बऱ्या हवेंत. अलिबागकर मुंबईला जातो तो पुष्कळदां गरजेनें व हवा कशीहि असो. एकाच रस्त्याच्या दोन टोंकांवरून मोजलेलें अंतर यामुळें सारखें भरत नाहीं.

म्हणून शहराशहरांतील अंतराचा आंकडा वाचतांना सुजाण कुटुंबानें त्यापाशीं आणखी तीन आंकडे मांडावे. पहिला, घराच्या उंबऱ्यापासून दुसऱ्या घराच्या उंबऱ्यापर्यंत एरवींच्या दिवशीं लागणारा वेळ. दुसरा, वर्षांतील सर्वांत वाईट दिवशीं लागणारा वेळ. कोंकणापुरता तो जुलैच्या रात्रीचा धरावा. तिसरा, त्या प्रवासाचा खर्च घरांतील सर्वांत कमी मिळवणाऱ्याला परवडण्याजोगा आहे कीं नाहीं. गांवीं आईवडील एकटे राहात असतील, किंवा निवृत्तीनंतर समुद्रकांठीं घर बांधण्याचा बेत असेल, तर या तीन आंकड्यांपुढें हवाई अंतराला फारसें मोल उरत नाहीं.

राज्यकर्त्यांनाहि हीच कसोटी लावतां येईल. नवा पूल, नवा धक्का अथवा नवा विमानतळ यांची थोरवी उद्घाटनाच्या दिवशीं, निरभ्र आकाशाखालीं, मोकळ्या रस्त्यावर मोजली जाते. ती मोजण्याचा योग्य दिवस आषाढांतला असतो. बाराहि महिने चालणारी एक साधी प्रवासी बोट, रात्रीं खुला राहणारा एक धक्का, वडखळचा खड्डे नसलेला रस्ता, यांनीं अलिबागचें अंतर जितकें घटेल तितकें आकाशांतून जाणाऱ्या कोणत्याहि विमानानें घटणार नाहीं. आणि जेथें बोट चालेल तेथें तिच्यावर संदेशयंत्र, तरफे आणि उतारूंची मोजदाद हीं असलींच पाहिजेत, मग प्रवास तासाभराचा का असेना. 'रामदास'च्या उतारूंपैकीं बहुतेक जण त्या दिवशीं दुपारच्या जेवणाला घरीं पोंचावयाचे होते.

चंद्र, वारा आणि पाऊस यांचे हिशेब बदललेले नाहींत. बदलतां येतात ते माणसाचे. थळचा तो वृद्ध कोळी "जायचंय केव्हां?" असें विचारतो, तेव्हां तो प्रश्न टाळीत नसतो, उत्तर देण्यास जी माहिती हवी तीच मागत असतो. दोन शहरांमधील अंतर सांगणाऱ्या प्रत्येकानें हा प्रश्न आधीं विचारण्याची संवय ठेवली, तर नकाशावरचे आंकडे अधिक उपयोगाचे होतील.